चौथीच्या परीक्षेत गेलेलं खोपट

अहो,

तुम्हाला जाऊन दुसरा पावसाळा सरला. एवढ्या दिवसांत मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळ बोलले, पण कागद घेऊन कधी बसले नाही. आज बसले, कारण उद्या मी खालापूरला कचेरीत जाणार आहे आणि तिथे तुमच्याबद्दल बोलणार आहे. जे परक्यांसमोर बोलायचं ते आधी तुमच्या कानावर घालावं, असं वाटलं. तुम्ही असता तर विचारलं असतं. आता विचारायची सोय नाही, म्हणून कळवते.

परवा दुपारी मंगल आली होती. काळू कातकऱ्याची मंगल. कोण मंगल, असं तुम्ही म्हणणार नाही हे मला माहीत आहे.

मी ओटीवर कडवे वाल सोलत बसले होते. पायरीशी एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर गवताचा भारा, कडेवर मूल. मला वाटलं, गवत विकायला आली. भारा उतरवला आणि म्हणाली, "काकी, वळकलंत का?" आवाज ऐकला आणि हातातला वाल हातातच राहिला. हुबेहूब तिच्या जानीआजीचा आवाज हो! तीच खरखर.

"मंगल का गं तू?"

"मंग कोन! शालू कुठं हाय?"

शालू भिवपुरीला दिली, तिचे यजमान वीजघरात आहेत, दोन मुलं आहेत, सगळं सांगितलं. मग तिने सांगितलं ते ऐका. चावडीवर एक नोटीस लागली आहे. माळावरच्या कातकऱ्यांना घरासाठी जागा नावावर करून द्यायची आहे. जे पूर्वीपासून तिथे राहत होते त्यांनी यावं, राहत होतो असं सांगणारं कोणी असेल तर त्याला बरोबर आणावं. मी विचारलं, "तुला हे कोणी सांगितलं?" तर म्हणाली, "कोन सांगनार? मी वाचली. उभी राहून दोनदा वाचली."

ऐकलंत? तिने स्वतः वाचली. बाकीच्या वाडीला तिनेच वाचून दाखवली.

पण माळाचे मालक दामूशेठ, त्यांच्या मुलाने कचेरीत आधीच सांगून ठेवलं आहे की काळूचं बिऱ्हाड आपल्या मर्जीने माळावरून उठून गेलं. गुरुजींच्या, म्हणजे आपल्या घरी राहायला गेलं, खोपट टाकून दिलं, अख्खा गाव साक्षीला आहे. तेव्हा त्या जागेवर त्यांचा काही हक्क नाही. बाकीच्या घरांना जागा मिळतील. काळूच्या घराला नाही.

मंगल म्हणाली, "काकी, आमी ऱ्हायला आलतो का परीक्षेला आलतो, ते तुमाला म्हाईत हाय. दुसऱ्या कोनाला म्हाईत नाय."

खरंच, आता मला एकटीलाच माहीत आहे. तुम्ही गेलात. जानीआजी तर केव्हाच गेली. दामूशेठही गेले.

मी तिला लगेच हो म्हटलं नाही. वाईट वाटतं, पण तोंडून हो निघालं नाही. तिला चहा दिला, मुलाच्या हातावर गूळ ठेवला आणि म्हटलं, मला दोन दिवस दे. तिने मुलाला कडेवर घेतलं. भारा उचलून गेली. जाताना फक्त म्हणाली, "सोमवारी सकाळच्या यष्टीनं जायाचं हाय." उद्या सोमवार.

तुम्हाला वाटेल, यात दोन दिवस कसले लागतात? सांगते.

नवीन शाळेत तुमचा फोटो लावायचं ठरलं आहे. मोठा, काचेचा, पहिल्या वर्गाच्या भिंतीवर. हे सगळं दामूशेठचा मुलगाच करतो आहे. फ्रेम त्याने कर्जतहून आणली. येत्या शनिवारी साहेब येणार, नारळ फुटणार, मला पुढे बसवणार. वसंतभावोजी तर आताच नवं धोतर काढून बसले आहेत. सख्ख्या भावाचा फोटो शाळेत लागणार म्हटल्यावर त्यांचा पाय जमिनीवर कुठे ठरतो!

मंगल येऊन गेल्याचं त्यांना कळलंच. संध्याकाळी आले, पायरीवरूनच सुरू झाले. "वहिनी, गप ऱ्हावा. दादा गेला. आता मेलेल्या मानसाला कचेरीत उबा करता का?"

मी म्हटलं, "मी खरं तेवढं सांगणार."

"खरं काय हाय? दादानं त्यांना जेवू घातलं, घरात घेतलं. आपल्या घरात कातकरी झोपवलं म्हनून गावानं त्याच्या हातचं पानी बंद केलं व्हतं, इसरलात? ह्येच सांगा. पुढचं काय सांगायची गरज नाय."

पुढचं म्हणजे काय, ते त्यांनाही ठाऊक आहे म्हणायचं. नाहीतर पुढचं आहे हे कसं कळलं?

तर ते पुढचं मी उद्या सांगणार आहे. आणि आज तुम्हाला सांगते आहे. तुम्हाला म्हणजे, जे तुम्ही स्वतःच केलंत ते. पण त्यावर आपण दोघं कधी एक शब्द बोललो का? एकदाही नाही. एका ताटात जेवल्यासारखे राहिलो, आणि ही एक गोष्ट मधे ठेवून राहिलो.

तेव्हा शाळा दामूशेठच्या भाताच्या वखारीत भरायची. आपलं परसू आणि वखारीची खिडकी यांत बैलगाडी जाईल एवढीच वाट. मी त्या खिडकीखाली तांदूळ निवडत बसायची. तिथेच तर मी शिकले! तुम्ही गावाला शिकवलंत, घरात मात्र मला कधी पाटी दिली नाहीत. रागावू नका, खरं आहे ते. पण बरंच झालं एका अर्थी. पहिलीच्या वर्गात तीच ती मुलं वर्षानुवर्षं असायची. दरवर्षी तेच धडे, तीच अक्षरं, तेच पाढे. त्या नापास पोरांच्या जोडीने मी खिडकीबाहेर अक्षर अन् अक्षर गिरवलं, सुपातल्या तांदळात बोटाने. वाण्याच्या पुडीच्या कागदावर वाचायला लागले, मग तुमचं वर्तमानपत्र, मग शाळेच्या पेटीतली पुस्तकं. माझी परीक्षा कोणी घेतली नाही, म्हणून मला कोणी नापासही केलं नाही. ती पोरं मात्र नापासच.

का नापास? ढ होती म्हणून? तुम्हीच म्हणायचात, "डोक्याने कोणी कमी नाही, पण एप्रिलमध्ये एकही जागेवर नाही." दिवाळी झाली की वाडी कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जायची. जायची म्हणजे आईबाप, पोरंबाळं, कोंबड्यासुद्धा. येणार ते मृगाच्या तोंडावर. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये. हजर नाही म्हणजे नापास. पुढच्या वर्षी पुन्हा पहिली. असं करता करता पोराला मिसरूड फुटायची, पोरीचं लग्न व्हायचं, आणि शाळेच्या लेखी दोघं पहिलीतच!

तुम्ही वर अर्ज केला होता. या मुलांची परीक्षा दिवाळीआधी घेऊ द्या म्हणून. उत्तर आलं, तशी तरतूद नाही. तो कागद वाचून तुम्ही हसला होता. "ज्यांची घरं हलत नाहीत त्यांनी परीक्षेची तारीख ठरवली," म्हणालात. दुसऱ्या गावचे गुरुजी काय करायचे? परीक्षेच्या आधी ही नावं पटावरून काढून टाकायचे. निकाल चांगला लागायचा, साहेब खूश. तुम्ही तसं केलं नाहीत. तुमचा निकाल नेहमी वाईट लागायचा आणि साहेबाची बोलणी खायची तुम्ही. मला त्याचा अभिमान होता. अजून आहे.

आणि मग मंगल चौथीत आली.

ती चौथीपर्यंत पोचली ती तिच्या आजीमुळे. काळू आणि त्याची बायको भट्टीवर जायची, पण जानीआजी पाय अधू म्हणून माळावरच राहायची, आणि नात तिच्यापाशी. म्हणून मंगल एप्रिलमध्ये इथे असायची. म्हणून ती पास व्हायची. बाकी काही नाही.

पण जानीआजीच्या राहण्यामागे दुसरंही कारण होतं. ते आपल्याला तेव्हा नीट समजलं नाही. माळ दामूशेठचा. त्यावर कातकऱ्यांची खोपटं बापजाद्यांपासूनची, पण कागदावर काही नाही. रीत एवढीच होती की ज्या खोपटातली चूल पेटती, त्याची जागा त्याची. म्हणून वाडी भट्टीवर गेली तरी दर दोन-चार खोपटांमागे एखादं म्हातारं माणूस मागे ठेवायचे. ते त्या सगळ्यांच्या चुली फिरून फिरून पेटवायचं. काळूचं खोपट कडेला एकटंच, त्याची चूल जानीआजीच्याच भरवशावर. माळाकडे बघितलं की धूर दिसायला पाहिजे. धूर दिसला नाही, तर शेठने खोपट टाकलेलं समजायचं आणि मोडायचं. गावात ही रीत सगळ्यांना ठाऊक होती. तुम्हालाही होती. पण तुम्ही पुस्तकं वाचलेले. तुम्हाला ती रीत म्हणजे अडाण्यांचा समज वाटली.

चौथीची परीक्षा केंद्राच्या शाळेत, दुसऱ्या गावच्या मास्तरांसमोर. तुम्ही हट्टालाच पेटला होता. आपल्या वाडीतली पहिली पोर चौथी पास झाली पाहिजे! संध्याकाळी आपल्या ओटीवर कंदील लावून शिकवायचात, शालू आणि मंगल दोघींना. अंधार पडल्यावर मंगलला माळावर सोडायला कोण जाणार? त्या वर्षी बिबट्याही फिरत होता. तेव्हा तुम्ही म्हणालात, परीक्षा होईपर्यंत आजी आणि नात दोघींनी आपल्याकडेच राहायचं.

जानीआजी काय म्हणाली, आठवतं? ओट्याखाली उकिडवी बसली होती. म्हणाली, "गुरुजी, चूल इझली का जागा जाते. शेट ईल आन बगंल, धूर नाय. मंग?"

तुम्ही म्हणालात, "कुठल्या कायद्यात लिहिलंय आजी, की घराला धूर पाहिजे?"

"कायद्यात नाय. शेटच्या डोक्यात हाय."

तुम्ही हसलात. मीही हसले. मग तुम्ही म्हणालात, "मी शेठना सांगतो. ते माझ्या शब्दाबाहेर नाहीत."

आणि तुम्ही सांगितलंतही. शेठ म्हणाले, न्या बिनधास्त, पोर पास झाली तर गावचंच नाव. हे तुम्ही घरी येऊन किती आनंदाने सांगितलंत! जानीआजीने ऐकून घेतलं. "तुमी म्हनता तर हाय," एवढंच म्हणाली.

मग ते दिवस! किती हसलो होतो आपण. जानीआजी घरात झोपायला तयारच होईना. "वर कौलं हायत, पडली तं?" म्हणून ओटीच्या कडेला, डोकं बाहेर काढून झोपायची. शालू आणि मंगल एका गोधडीत. पहाटे उठून दोघी पाढे म्हणायच्या, एकीचा चुकला की दुसरी चिमटा काढायची. आणि म्हातारी मधेच ओरडायची, "गुरुजी, पोरीला पास करून काय करनार? इटा मोजाया लावनार?" तुम्ही म्हणायचात, "नाही आजी, मास्तरीण करणार." त्यावर ती म्हणायची, "मंग तुमी काय करनार, इटा पाडनार?" तुम्हाला असं कोणी बोललेलं तुम्हाला आवडायचं. तिने तुम्हाला कधी देव केलं नाही.

गावाने पाणी बंद केलं ते तेव्हाच. त्याचं तुम्हाला काही वाटलं नाही. मला वाटलं थोडं, पण तुमच्याकडे बघून निभावलं.

सुरुवातीला जानीआजी काठी टेकत माळावर जाऊन चूल पेटवून यायची. मग तिचा पाय सुजला आणि तुम्ही तिला अडवलंत. "आजी, मी शब्द घेतलाय ना?" ती बसून राहायची आणि माळाकडे बघत राहायची. तेव्हा मला वाटायचं, घराची ओढ आहे म्हातारीला. ओढ कसली हो, ती राखण करत होती! लांबून, नुसत्या डोळ्यांनी.

शालूसाठी आपल्याला काय करावं लागलं? काहीच नाही. ती आपल्याच ओटीवर अभ्यास करून, आपल्याच घरात जेवून, वडिलांच्या बोटाला धरून परीक्षेला गेली. त्याच परीक्षेसाठी मंगलला घर सोडून यावं लागलं. प्रश्नपत्रिका दोघींची एकच होती. हे मला तेव्हा सुचलं नाही. फार नंतर सुचलं, भांडी घासताना.

परीक्षा झाली. गाडीतून दोघी पोरी ओरडतच आल्या, सगळं आलं, सगळं आलं! जानीआजी गाठोडं बांधूनच बसली होती. तुम्ही म्हणालात, जेवून जा. ती थांबली नाही. मंगलला घेऊन गेली आणि मी भाकऱ्या थापायला घेतल्या तोवर परतही आली. ओट्याखाली त्याच जागी बसली. म्हणाली, "गुरुजी, खोपटाच्या मेढी बी नाय ठेवल्या."

तुम्ही तसेच उठून माळावर गेलात. खोपटाच्या जागी काट्यांचं कुंपण, आत नांगरट. भिंतींचा कारवीचा कुड शेठच्या गोठ्यामागे रचून ठेवलेला. परत आलात तेव्हा तुमच्या तोंडाकडे मला बघवेना. मंगल रडत होती, शालू तिच्याबरोबर रडत होती. रडली नाही ती एकटी म्हातारी.

इथवर झालं ते तुमचं चुकणं, असं मी म्हणते. चांगल्या मनाने केलं आणि चुकलं. माणूस चुकतो. इथवरचं कोणालाही सांगायला मला जड गेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दामूशेठ वखारीत आले. खालच्या वर्गांची शाळा चालू होती. मी खिडकीखाली होते. तुम्हाला माहीत होतं का हो, की मी तिथे होते? मला कधी कळलं नाही.

तुम्ही म्हणालात, "शेठ, मी तुम्हाला विचारून नेलं होतं त्यांना."

"व्हय ना. म्हनून तर म्या म्हटलं, गुरुजींनी त्यांची सोय केली, बरं झालं. रिकामं खोपट कशाला ठेवायचं?"

"रिकामं नव्हतं. परीक्षेपुरती आली होती ती माणसं."

"आसंल. पन गेली ना उठून? गाव बगत व्हता." मग थोडं थांबून, अगदी गोड आवाजात म्हणाले, "आन गुरुजी, औंदा वखारीत भात भरायचा म्हनतो मी. शाळंचं दुसरीकडं कुठं बगितलंत का?"

तुम्ही काही बोलला नाहीत.

मी खाली सूप धरून बसले होते. मला वाटलं, आता बोलाल. आता बोलाल.  शेठच्या वहाणा वाजत दारापर्यंत गेल्या. आणि मग तुमचा आवाज आला, "हं, काढा पाट्या."

त्या वर्षी वखारीत भात भरला नाही. शाळा तिथेच राहिली, नवी इमारत होईपर्यंत राहिली. गावातली किती मुलं तिथे शिकली! ती शाळा बंद पडली असती तर झाडाखाली किती दिवस टिकली असती, मला माहीत नाही. शाळा बेघर होऊ नये म्हणून तुम्ही एका म्हातारीला बेघर होऊ दिलंत. मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं? पुष्कळदा विचार केला. मला उत्तर येत नाही. पण उत्तर येत नाही म्हणून झालेलं झालं नाही, असं होत नाही ना?

तुम्ही चावडीवर जाऊन एवढंच म्हणाला असता, की ती माणसं परीक्षेला आली होती, राहायला नाही! पाणी बंद असलं तरी तुमचा शब्द तेव्हा गावात चालत होता. तेवढं एक वाक्य राहिलं.

काळू भट्टीवरून आला. भांडला नाही. तुमच्या पाया पडला, पोर पास केली म्हणून. तुम्ही पाय मागे घेतलेत. मग ती सगळी लोधिवलीजवळ हायवेच्या कडेला जाऊन राहिली, आंब्याखाली. रस्त्याची माणसं आली की उठायचं, दुसऱ्या झाडाखाली बसायचं. मंगलचं पाचवीत नाव घालायला तुम्ही गेलात, तर तिथल्या मास्तरांनी विचारलं, राहणार कुठली? तुम्ही आपल्या घराचा पत्ता घातलात. पण हायवेच्या झाडाखालून ती रोज कशी येणार होती? पाऊस जोर धरेपर्यंत आली. मग नाही आली. दिवाळीनंतर काळूबरोबर तीही भट्टीवर. चौथी पास.

जानीआजी पुढच्या पावसाळ्यात गेली. भर पावसात, ताडपत्रीखाली. तुम्हाला निरोप आला तसे गेलात. परत आल्यावर अंघोळ केलीत, जेवला नाहीत आणि भिंतीकडे तोंड करून झोपलात. मी विचारलं, आजी काही बोलली होती का शेवटी? तुम्ही म्हणालात, "नाही." नंतर काळूच्या बायकोकडून मला कळलं. म्हातारी सारखी म्हणत होती, "चूल पेटवायला जाऊ द्या मला." हे तुम्हालाही तिथे सांगितलं असणारच.

त्यानंतर तुम्ही जे केलंत त्यासाठी तुमचा फोटो लागतो आहे. दर एप्रिलला पिशवीत खडू-पाट्या घालून तुम्ही भट्ट्यांवर जायचात. विटांच्या रचलेल्या थप्पीवर पोरांना बसवून तिथेच परीक्षा घ्यायचात आणि इथे हजर मांडायचात. साहेबाने नोटीस दिली, पगारवाढ रोखली, तरी तुम्ही थांबला नाहीत. "पोरं परीक्षेकडे येत नसतील तर परीक्षेने पोरांकडे जावं," म्हणायचात. लोक हे अजून सांगतात. शनिवारी साहेबही भाषणात हेच सांगतील. हे कुठून सुरू झालं, ते कोणालाच माहीत नाही. ज्या भट्टीवर काळू असायचा त्या भट्टीवर तुम्ही कधीच गेला नाहीत, हेही कोणाला माहीत नाही. मला माहीत होतं. पिशवी भरताना मी विचारायची, यंदा कुठे कुठे? तुम्ही नावं घ्यायचात. ते एक नाव त्यात नसायचं.

का नाही गेलात हो? मंगल रागावली असती असं वाटलं का? परवा ती काय म्हणाली सांगू? "गुरुजी आमच्या भट्टीवर कदी आलं नाय. आमी वाट बगायचो. माज्या धाकट्या भावाची परीक्षा ऱ्हायलीच." ते पोर नापास राहिलं. शेवटपर्यंत पहिलीत. याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. तुमच्या लाजेपायी त्याची परीक्षा राहिली.

नवे गुरुजी परवा सांगत होते की आता लहान वर्गांत कोणाला नापास करायचं नाही, असं वरून आलं आहे. तुम्हाला बरं वाटलं असतं. मलाही वाटलं. पण मग मी त्यांना विचारलं, "भट्टीवर गेलेल्या पोराचं काय?" म्हणाले, "काकी, तेही वर चढणार." पोर वर्गात नाही, गावात नाही, आणि वर मात्र चढणार! नापास करण्यापेक्षा बरं, हे कबूल. पण पूर्वी निदान त्याचं नाव पुकारलं जायचं आणि ते नाही हे कळायचं. आता ते कुठे आहे, कुठल्या छपराखाली आहे, हे विचारायचंही कारण उरणार नाही. नवे गुरुजी चांगले आहेत, तरुण आहेत. त्यांनी मान डोलावली.  पाटी आणि छप्पर या दोन गोष्टी सरकार वेगवेगळ्या कचेऱ्यांत ठेवतं. पोर तर एकच असतं.

असो. फार लिहिलं. वालाचं बिरडं चुलीवर आहे, ते बघून आले.

दोन दिवस मी यासाठी मागितले की शनिवारच्या आधी हे बोलले तर फोटो लागेल का, असं मनात आलं. पुढच्या आठवड्यात बोलता आलं असतं, पुढच्या महिन्यात बोलता आलं असतं. कचेरी मात्र सोमवारी बसते. वसंतभावोजी आज सकाळी पुन्हा येऊन गेले. या वेळी ओरडले नाहीत. म्हणाले, "वहिनी, दादा ऱ्हायला नाय. त्याचं नाव तेवढं ऱ्हायलंय." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाही आलं. मी म्हटलं, "भावोजी, मंगलचं तर तेवढंही नाही राहिलं. हायवेच्या झाडाखाली पोरं वाढवते आहे ती." त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. मग म्हणाले, "यष्टीला सोडाया येऊ का?" मी नको म्हटलं. पण विचारलं त्यांनी.

तुम्ही असता तर आता काय म्हणाला असता? मला वाटतं, म्हणाला असता, जा. कदाचित मी माझ्या सोयीने असं समजते आहे. तुम्हाला मी पूर्ण ओळखलं असं मला कधी वाटलं नाही. ज्या दिवशी तुम्ही पाट्या काढायला सांगितल्यात त्या दिवसापासून तर नाहीच. पण त्या दिवसानंतरही मी तुमच्यासाठी रोज पाणी तापवलं, आणि त्यात कधी खोट नव्हती. हे तुम्हाला माहीत असू दे.

आता वचन देते. उद्या सकाळी मंगलबरोबर यष्टीत बसेन. कचेरीत विचारतील ते सगळं सांगेन, क्रमाने. तुम्ही शेठना विचारलंत ते सांगेन. शेठ हो म्हणाले ते सांगेन. आणि तुम्ही गप्प राहिलात तेही सांगेन, का राहिलात त्यासकट. तेवढं एक गाळून बाकीचं सांगितलं तर ते शेठच्या मुलासारखंच सांगणं होईल. शनिवारी फोटो लागला तर पुढे जाऊन बसेन. नाही लागला तर घरी बसेन. आणि साहेबांनी विचारलंच, तुमचे गुरुजी कसे होते, तर सांगेन, फार चांगले होते. आणि माळावरची ती जागा जानीआजीची होती. ही दोन्ही वाक्यं मी एका दमात सांगेन, मधे थांबणार नाही.

तुमची,
शालूची आई